मोल्देची चौकशी

काचीगुड्याच्या बियाण्यांच्या दुकानात उमाजीचा जन्म गेला. गिऱ्हाईक आलं की आधी गाव विचारायचं, मग माती, बियाणं सगळ्यात शेवटी. बहिणींची लग्नंही त्यानं अशीच जुळवली. नवरदेवाची डिग्री गेली उडत. गावाला नाव कशावरून पडलं आणि तिथं पिकतं काय, एवढं कळलं की माणूस कळला, असं त्याचं ठाम मत. आणि खोटं कशाला बोला, एकदाही फसला नाही.

तर ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या होत्या. कुकटपल्लीच्या एका कारखान्यात नॉर्वेची यंत्रं आली, आणि तिथं इंजिनियर असलेल्या त्याच्या मुलीला, त्रिवेणीला, सहा महिने शिकायला मोल्दे नावाच्या गावी पाठवायचं ठरलं. उमाजी म्हणाला, "नक्को. गाव माहीत नाही, माती माहीत नाही, पोर कशी धाडू?" पोरगी जेवेना. मग तोच नरमला. "चल, चौकशी तरी करू."

आता चौकशी म्हटली की याला एकच ठाऊक. फेटा बांधला, नारळ घेतला आणि यंत्रांबरोबर मोल्देहून आलेल्या ओडवार साहेबापुढं जाऊन बसला, सोयरीक जुळवायला मुलीचा बाप बसतो तसा. दुभाषी कोण? तर मुलगीच! लाजेनं तिचा जीव अर्धा झाला.

"गावाला नाव कशावरून पडलं?"

साहेब आधी चक्रावला, मग खुलला. कुणी म्हणतं सुपीक मातीवरून, कुणी म्हणतं गोल डोंगरमाथ्यांवरून. "कागदावर मोल्दे. आम्ही खेड्यातले मोल्ले म्हणतो. शहरवाले हसतात."

"हसू दे की. आमच्या पिंपळगावाला आम्ही पिपळगावच म्हणतो. गाव आपलं, जीभ आपली. आणि पिकतं काय?"

"गुलाब. त्यासाठीच गाव प्रसिद्ध आहे."

एवढ्या थंडीत गुलाब म्हणजे माती कसदारच, उमाजीनं मनात नोंदलं. तो उठला आणि नारळ साहेबाच्या हातावर ठेवला.

त्रिवेणी गडबडली. "बाबा, नारळ दिला म्हणजे मुलगी दिली असं होतं."

"येड लागलं का तुला? सांग त्याला, मुलगी दिली नाही, पाठवतोय. शिकून माझ्या घरी परत येणार."

ते इंग्रजीत सांगण्याआधीच त्रिवेणीचे डोळे भरून आले. साहेब नारळ धरून तसाच उभा. तिनं ओढणीनं डोळे पुसले, "येणार, बाबा," असं आधी बापाला सांगितलं, आणि मग हसत साहेबाकडं वळली.