पास दोनदा वाचणारा कंडक्टर

आंजीहून वर्ध्याला कॉलेजला जाताना आमच्या बसचा कंडक्टर माझा पास रोज दोनदा वाचायचा. वाचायचा, बाहेर बघायचा, पुन्हा वाचायचा. मागचे लोक ओरडायचे. शेवटी मी वैतागलो. “काका, पास तोच आहे ना!”

“तोच आहे, म्हंजे मी जागा आहो. सपनात दुसऱ्यांदा पाह्यलं का अक्षरं बदलतात. झोपेतई रातभर तिकिटंच कापतो बापा! दिवसा ही सवय लागली, का सपनातई पास दोनदा वाचीन. एकदा सपन ओळखलं, का सुट्टी, मंग मनात येईन ते करा.”

महिनाभर मी दात-ओठ खात पास धरला. मग एका सकाळी तो हसतच आला. “काल अक्षरं बदलली! सपन माह्या हाती आलं.”

“मग उडालात का?”

“काऊन उडू? खिडकीपाशी बसलो.”

त्याला बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.