घोडीला पाजलेलं तेल

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी एक पांढरी घोडी घेतली. लोक या वयात जपमाळ घेतात. आमच्या बाबांनी गुढियारीतल्या घरामागे तबेला बांधला. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, लग्नं दणक्यात होऊ लागली होती आणि प्रत्येक नवरदेवाला घोडी हवीच असे.

घोडीला धनुर्वाताची सुई द्यायला सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, तेव्हा त्यांनी आम्हा बापलेकींना नीट समजावलं. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतते. दाणा-चारा काढून घ्या, हळूहळू फिरवा, मला फोन करा. तोंडातून मात्र काहीही पाजू नका. बाबांनी मान डोलावली. मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात थर्मामीटर, पट्ट्या आणि जास्तीची दोरी भरली, झाकणावर डॉक्टरांचा नंबर चिकटवला. येईल त्याला तो डबा दाखवायची मला भारी हौस. तबेल्याच्या भिंतीवर बाबांची गावाकडची बांबूची नळी टांगलेली होती. बैलाचं पोट फुगलं की ते तिच्यातून तेल पाजायचे. ती तिथून काढावी हे काही मला सुचलं नाही.

इकडे वरात निघताना नवरदेवाच्या बहिणी घोडीला भिजवलेली चणाडाळ खाऊ घालतात. त्या दिवशी पंडरीत पाठोपाठ दोन वराती होत्या. पहिल्या घरी पाच बहिणी, दुसऱ्या घरी चुलत-मावस धरून पलटणच. मी अडवायला गेले तर बाबा म्हणाले, "खाऊ दे, शगुन हाय."

सकाळी घोडी पाय आपटत होती, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. मग खाली पडून लोळायला लागली. मी धावत कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेले. डॉक्टर म्हणाले, निघालोच. मी परत आले तर घोडी उभी होती आणि बाबांनी नळीत तेल भरलेलं होतं.

"बाबा, डॉक्टरनं नाही म्हटलं होतं."

"ते येईस्तोवर मरून जाईन घोडी. मान वर धर, पोट्टे."

मी धरली. ती दुसऱ्या कुणाला तोंडाला हात लावू देत नसे. माझ्या हातात तिनं मान सैल सोडली. तेल आत गेलं, ती खोकली, थोडं नाकातून बाहेर आलं. बाबांनी नळी पुसून तणसाच्या ढिगात खुपसली.

डॉक्टरांनी सुई दिली, नाकावाटे नळी पोटात घातली आणि दुपारपर्यंत थांबले. शेवटी घोडीनं लीद टाकली. लीद बघून इतकी खूश झालेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. डॉक्टर निघाले तेवढ्यात घोडी खोकली. ते वळले.

"मुँह से कुछ पिलाया था क्या?"

बाबा माझ्याकडे बघत होते. नोकरीभर साहेबांसमोर खाली मान घालून उभा राहिलेला माणूस. माझ्यामुळे त्यांना पुन्हा तसं उभं राहायला लागू नये, एवढंच मला वाटलं.

"नहीं सर," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी घोडीला ताप चढला. थर्मामीटर मीच लावला. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि म्हणाले, तेल फुप्फुसात गेलंय; त्याच दिवशी कळतं तर औषध तेव्हाच सुरू केलं असतं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी घोडी गेली. बाबा रडले, शेजारणी रडल्या. मी थर्मामीटर धुऊन डब्यात ठेवला. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. आत काहीतरी बधिर झालं ते तसंच राहिलं. बाबांनी पुन्हा घोडी घेतली नाही, आणि त्या 'नहीं'बद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

आता पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, घोडीवाले अडले की डॉक्टर येईपर्यंत मलाच बोलावतात. मी डबा घेऊन जाते आणि आधी विचारते, "तोंडातून काही पाजलं काय?" सगळे नाही म्हणतात. मग मी घरातल्या पोरीला बाजूला घेते आणि हळूच विचारते, मान कोणी धरली होती.