कळीचा चुना

शेजाऱ्यांनी आज कळीचा चुना भिजत घातला. त्याचा गरम, ओलसर वास खिडकीतून आत आला आणि मला अमडापूरचं आमचं अंगण आठवलं.

बाबांना जाऊन थोडेच दिवस झाले होते. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली म्हणून आईनं घर पांढरं करायला काढलं. माझी अकरावीची परीक्षा जवळ आली होती. मी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून पायरीवर नुसती बसून असायचे. रडू येत नव्हतं, बोलवतही नव्हतं.

आईनं पिंपात पाणी ओतलं. चुन्याचे खडे तडकले, वाफ उसळली.

"हे काय तयार होऊन राह्यलं वं, माय?" तिनं मला विचारलं.

"कॅल्शियम हायड्रॉक्साइड," मी म्हणाले. "अन् उष्णता."

"अन् भिंतीले लावल्यावर?"

"हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होते. पाणी उडून जाते."

"मंग?"

"मंग काही नाही. तसंच राह्यते."

ती काठीनं ढवळत राहिली.

तेव्हा वाटलं, ती मला बोलतं करते आहे. आज तिच्या त्या वेळच्या वयाची झाल्यावर कळतं, त्या घरात तिच्याशीही कुणी बोलत नव्हतं.