बघू म्हणणाऱ्या बाबांचा डाव

दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवून देणाऱ्या बाईला सगळी गल्ली कवळीताई म्हणायची, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. प्लास्टरच्या जबड्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा, जबडा मिटवून बघायचा, पटलं नाही तर दात पुन्हा काढायचा. हात असा बसलेला, की बघत राहावं. पण संध्याकाळी काम आवरून ती बुद्धिबळाचा पट मांडायची, तेव्हा समोरच्या रिकाम्या खुर्चीतून बाबा खाकरायचे. आणि बाबांना जाऊन तर कितीतरी वर्षं झालेली!

तुम्ही म्हणाल, भास. असेल हो, भासच असेल. पण मेला नेमका मोक्याच्या क्षणीच कसा व्हायचा?

बाबा सिनेमागृहाच्या दारात तिकिटं फाडायचे. आत पिक्चर सुरू झाला, की बाहेरच्या बाकावर यांचा डाव सुरू. लेकीला त्यांनी काळ्या सोंगट्यांचा एकच बचाव शिकवला. समोरच्याला पटाची मधली घरं हवीत ना, खुशाल घेऊ दे. आपण राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं आणि त्याच्यामागे उंट दडवायचा. तिथून तिरक्या रेघेत त्याचा डोळा थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. घोडा कुठून निघणार, राजा कुठल्या बाजूला जाणार, काही कळू द्यायचं नाही. समोरचा फुशारून प्यादी पुढे दामटतो, मग त्यांना मागून आधार पुरत नाही. तेव्हा वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं ढकलून मध्यावर धडक द्यायची, की उंटाची वाट मोकळी.

"पण धडक कधी द्यायची, बाबा?"

"बघू. घाई नको."

खरं सांगायचं तर बाबांची धडक बहुतेक वेळा राहूनच जायची. उंट दडलेलाच, प्यादी जागच्या जागी, आणि हलायलाही जागा न उरता डाव हातचा जायचा. वर हा माणूस हसायचा! काय म्हणावं अशाला?

तेच बाबा पोट धरून दवाखान्यात पडले होते, आई आणि लेक पलंगाशी उभ्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आत्ताच कापू, सही करा. बाबा पलंगावरून म्हणाले, "बघू, सकाळी ठरवू." लेकीला त्यांचा चेहरा बघून कळत होतं, की हीच वेळ आहे. तरी तिनं पेन खाली ठेवलं. सकाळ व्हायच्या आत अपेंडिक्स फुटलं.

आपणच बाबांना मारलं, असं ती रोज स्वतःला ऐकवायची. आईपाशी मात्र चकार शब्द नाही. पटावर दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायची. काळ्याची धडक द्यायची वेळ आली, हात प्याद्याकडे गेला, की समोरून बाबा खाकरायचे, आणि हात मागे.

आणि आता आई त्याच दवाखान्यात. दुपारी भांडी घासता घासता खालीच बसली होती. आतड्याला पीळ पडलाय, डॉक्टर म्हणाले.

"वय झालंय, धोका आहे. थांबलो तर जास्त धोका. बोला, काय करायचं?"

आई डोळे मिटून कण्हत होती. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. आणि भिंतीजवळच्या खुर्चीतून, अगदी स्पष्ट, बाबा खाकरले. ही पटाची वेळ नव्हती, पट तर घरी होता.

"बघू गं," बाबा म्हणाले. "घाई नको."

तो आवाज तिला इतका हवाहवासा होता, की वाटलं, ऐकावं. पुन्हा एकदा ऐकावं आणि त्यांच्याजवळ बसून राहावं. मग तिला त्या आवाजाचा असा काही राग आला, की ती खुर्चीकडे वळून म्हणाली, "गप्प बसा, बाबा!"

डॉक्टर चपापले. तिनं सही केली.

आई वाचली. शुद्धीवर आली तेव्हा लेक उशाशी होती. छताकडे बघत आई म्हणाली, "ते आले होते ना?"

कवळीताई पुढे वाकली. "तुला कसं कळलं?"

"माझ्याकडे पण येतात. स्वयंपाकघरात." आईचा आवाज खोल गेला होता. "त्या रात्री मलाही कळत होतं गं, थांबायला नको. सही मीही करू शकले असते. तुझ्या हातात पेन बघितलं. म्हटलं, ही करेल."

"आई, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू मला बोलशील म्हणून वाट बघत होते," आई म्हणाली.