न आलेल्या उत्तरांमागे जाणारे सर

खर्रक-खट्, खर्रक-खट्. महाविद्यालयाच्या कार्यालयामागच्या खोलीतून येणारा सायक्लोस्टाइल यंत्राचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी नुकताच मराठी शिकवायला रुजू झालो होतो. त्या तालावर शाळेतली एक कविता आठवली, ती गुणगुणतच मी आत डोकावलो. कोपरापर्यंत शाई लागलेले एक गृहस्थ स्वतःच यंत्राचा दांडा फिरवत होते. ते संख्याशास्त्राचे प्रा. सिद्राम बिराजदार. विद्यार्थ्यांच्या पाहणीसाठी प्रश्नावल्या छापत होते.

त्यांनी विचारलं, वर्गात कविता म्हणून घेता तेव्हा सगळी मुलं म्हणतात का? मी अभिमानानं सांगितलं, छत दणाणतं. सर हसले. "छत दोन बाकांनीबी दणाणतं, कविराज. मागं किती जणांचे नुसते ओठ हलतात, ते बघा एकदा."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. निम्म्या वर्गाला पहिल्या कडव्यापुढं काही येत नव्हतं. सरांचा सगळा विषय मला त्या भिंतीशी कळला.

पुढं महाविद्यालय सकाळऐवजी दुपारी भरवायचा विचार निघाला. विद्यार्थ्यांचं मत घेतलं, तर बहुतेकांनी दुपार मागितलेली. प्राचार्य खूश झाले. सरांनी मात्र आलेले कागद बाजूला ठेवून हजेरीपट काढला. उत्तरं जवळजवळ सगळी गावातल्या मुलांची होती. प्रश्नावली वाटली होती शेवटच्या तासाला, आणि बाहेरगावच्या मुलांना नेणारी बेंबळीची बस त्या तासाच्या मध्येच सुटत असे. त्या बसची मुलं कुणाच्या ध्यानातच नव्हती.

स्टाफरूममध्ये थट्टा झाली, आता सरांना एसटीचा पास काढून द्या म्हणून. सरांनी खरोखरच काढला. आठवडाभर ते बेंबळीच्या बसनं गेले, नंतर येडशीच्या. मीही सोबत होतो. सर दांडीला धरून उभे राहत, कागद वाटत, नाव लिहू नका म्हणून बजावत. कुणी कागद कोरा परत दिला, तरी त्याचे आभार मानत. एका मुलीनं कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "दुपारचं कॉलेज झालं तर घरी जायला अंधार पडंल. मग घरचे पाठवणारच न्हायत. पण आमाला कुणी इचारलंच न्हाय."

सरांनी ते वाक्य टिपून घेतलं आणि प्राचार्यांपुढं जसंच्या तसं वाचलं. महाविद्यालय सकाळचंच राहिलं.

त्यांच्या मायेची रीतही अशीच. मी आजारी पडलो तेव्हा पहिल्या आठवड्यात घरात बसायला जागा नव्हती. सर तेव्हा फिरकले नाहीत, आणि मी मनातून रुसलो होतो. तिसऱ्या आठवड्यात, कुणीच येईनासं झालं तेव्हा ते आले आणि रोज संध्याकाळी येत राहिले. पायाशी बसून माझ्याकडून कविता म्हणून घ्यायचे. स्वतःला एकही ओळ पाठ नसताना माझी चूक मात्र बरोबर पकडायचे.

आता सरांची पंचाहत्तरी. सत्काराच्या वेळी निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी आठवणी मागवायचं काम माझ्याकडं आलं. मी फोनवरच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात निरोप टाकला आणि दोन दिवसांत स्तुतीचा ढीग जमला. तो सरांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला. "हे सगळे मजेत असलेले लोक. ज्यांनी लिहिलं न्हाय त्यांना इचारा. तवर मी हार घालून घेणार न्हाय."

सरांचा शब्द म्हणजे शब्द. सत्कार समितीला घाम फुटला. मग प्रवेशाच्या जुन्या नोंदवहीतून आम्ही चिठ्ठ्या टाकून नावं काढली, पत्रं धाडली, दारोदार हिंडलो. उत्तरं आली. एकच राहिलं, शोभा काशीद यांचं. दुसऱ्या वर्षातच त्यांचं शिक्षण सुटलं होतं. सासर कर्नाटकात कुठंतरी, पत्ता मिळेना. माहेरी टाकलेल्या पत्राचंही उत्तर नाही. छापखाना थांबलेला आहे, सरांचा हारही. मी आशा सोडून हा लेख संपवायला बसलो आहे.

सरांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे बसच्या पायऱ्या चढण्याइतके शाबूत राहोत आणि पुढल्या अनेक पिढ्यांना त्यांचे अवघड प्रश्न ऐकायला मिळोत, एवढंच मागणं.

इतकं लिहिलं आणि दाराची कडी वाजली. कपाळाला कुंकवाचा मळवट, हातात परडी, तुळजापूरहून देवीचं दर्शन घेऊन आलेल्या एक बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी शोभा. भावानं पत्र दिलं. चांगलंच लिहायचं असंल तर आल्या पावली जाते. माझी बिराजदार सरांवर तक्रार हाय. बसमधल्या पोरींना ते इचारत हिंडले, असं मागाहून ऐकलं. आमचं कॉलेज त्याच्या आधीच कायमचं सुटलं होतं. आमच्या घरी कोण आलं?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि सरांना फोन लावला. हे ऐकताच सरांचा आवाज लहान मुलासारखा फुलला. "त्यांना जाऊ देऊ नका, कविराज. मी निघालोच."