जाडं पुस्तक दे, बारीक नको

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तो कुठे गेला, असं नातवंडं विचारतात तेव्हा मी प्रत्येकाला वेगळं सांगते. मोठ्याला सांगितलं, तापीत मगरीने नेला. मधलीला सांगितलं, तोरणमाळच्या घाटात एस.टी. फार हळू चढत होती म्हणून ढकलायला उतरले आणि तिथेच विसरून आले. धाकट्याला सांगितलं, शेजारणीला उसना दिलाय. एका दिवाळीत तिघांनी आपापसांत ताडून पाहिलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "तिन्ही खरं आहे. पाय मोठा होता."

खरी गोष्ट अगदीच लहान आहे. मिरचीची ट्रॉली उलटली. नंदुरबारला पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मैदानावर, माल चालला होता. मी पोत्यांवर बसले होते. ट्रॅक्टरचं चाक नाल्याच्या कडेवरून घसरलं. मी खाली, पोती माझ्यावर, ट्रॉली पोत्यांवर. धुळ्याच्या दवाखान्यात जाग आली तेव्हा कापायचं ते कापून झालं होतं. सांगायला लागलं की एका दमात संपते, म्हणून मगर बरी.

त्या वेळी मी पस्तिशीत होते. ती बाई आज दारात आली तर मी तिला पाणी देईन आणि ओसरीवरूनच परत पाठवीन, इतकी ती कंटाळवाणी होती. पाय गेला होता, पण नाक जागच्या जागी होतं आणि चांगलं लांब होतं. भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच "आता कसं व्हई व माय" असा सूर लावायच्या, म्हणून तिने मागच्या खोलीत खाट लावून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. भिंतीला चुना होता. चुन्यात एक डाग उंटासारखा होता. त्या उंटाकडे बाईसाहेब महिनोन् महिने बघत बसल्या.

धुळ्याला एका शिबिरात मला रबरी पाय करून मिळाला होता. तो मी घातला नाही. कारण विचाराल तर तो माझ्यापेक्षा गोरा होता. बाकीची ती काळी-सावळी आणि पाऊल एखाद्या जहागीरदारणीचं, लोक काय म्हणतील, ही तिला काळजी. माझी सासू, जिला मी आत्या म्हणायचे, ती हे ऐकून म्हणाली, "तुन्हापेक्षा गोरा शे म्हनीसन रुसनी का त्यावर?" आत्याने पाय उचलला आणि धान्याच्या कोठीमागे नेऊन ठेवला.

खरा त्रास वेगळाच होता. जी बोटं नव्हती त्यांना खाज सुटायची. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट तर रोज दुपारी ठरल्यासारखं खाजायचं. खाजवायला जावं तर हाताला गोधडी लागायची. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. पायाबरोबर डोकंही ट्रॉलीखाली गेलं, असं म्हणाले असते. त्या बोटांना विसरायचा एकच उपाय मला सापडला, तो म्हणजे वाचणं. आधी औषधाच्या डबीतला कागद वाचला, मग खताच्या गोणीवरच्या सूचना, मग किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा. माझं माहेर म्हसावदचं, दहावीपर्यंत शाळा झालेली, पण लग्नानंतर पुस्तक हातात घेतलं नव्हतं. आता एक तुकडा वाचताना लक्षात आलं की वाचून होईपर्यंत बोट गप्प होतं. मग तोच तुकडा इतक्यांदा वाचला की त्यातला बियाण्यांचा भाव मला आजही पाठ आहे.

आत्याला अक्षर येत नव्हतं. पण सून खताची गोणी मांडीवर घेऊन बसलेली तिने पाहिली होती. ती गावातल्या वाचनालयात गेली आणि तिथल्या ग्रंथपालांना म्हणाली, "भाऊ, जाडं पुस्तक दे, बारीक नको. मन्ही सून जागावरथीन उठत नही, तिले पुराले पायजे."

ती पुस्तक हातात तोलून घ्यायची. हलकं वाटलं की परत ठेवायची. त्यामुळे माझ्याकडे काय येईल याचा नेम नसायचा. बर्फाच्या मुलुखातली प्रवासवर्णनं आली, खुनाच्या कादंबऱ्या आल्या, राजेराजवाड्यांची चरित्रं आली, आणि एकदा कोंबड्यांच्या रोगांवरचं चित्रांसह जाडजूड पुस्तक आलं. मी सगळं वाचलं. दुपारच्या उन्हात पत्रा तापलेला, अंगणात मिरचीचा खकाणा उडालेला, आणि मी बर्फावरून चालत दूर कुठेतरी गेलेली. दोन्ही पायांनी. पुस्तकात कोणी चालायला लागलं की मीही चालायचे आणि बोट खाजायचं नाही. कोंबड्यांच्या पुस्तकातही नाही.

मोसमात आमच्या अंगणात गल्लीतल्या बायका वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायला बसायच्या. आत्या मला म्हणाली, "पाय गया, हात ते शेतस ना." आणि एक टोपलं माझ्या खाटेजवळ आणून ठेवलं. मी आतल्या खोलीत, कोणाला दिसणार नाही अशी, एका हाताने देठ खुडायचे आणि त्याच हाताने पान उलटायचे.

आम्ही मिरचीतली माणसं. ते हात डोळ्याला लावायचे नाहीत, तान्ह्या पोराला लावायचे नाहीत, हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत असतं. पण पुस्तकाला लावायचे नाहीत, हे कोणी सांगितलं नव्हतं. मिरची खुडता खुडता कोणी वाचतच नव्हतं, तर सांगणार कोण?

एक दिवस आत्या वाचनालयातून आली ती वेगळंच ऐकून. "तो भाऊ सांगस, तू वाचेल पुस्तक जो वाचस तो रडस."

यावर त्या पस्तिशीतल्या बाईला काय वाटलं असेल? तिला वाटलं, माझं दुःख त्या पानांत उतरलं. मी ज्या ज्या ओळीवरून डोळे फिरवले तिथे काहीतरी राहून गेलं आणि आता सगळं गाव ते वाचून रडतंय. हा विचार तिला इतका आवडला की त्या दिवशी तिने दोन भाकरी खाल्ल्या. उंटाच्या डागाकडे पाहून ती हसलीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात कळलं की गावातले निवृत्त गुरुजी कोंबड्यांच्या रोगांचं पुस्तक वाचताना धाय मोकलून रडले.

इथे मात्र ग्रंथपालांना शंका आली. त्यांनी पुस्तक उजेडात धरलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बोटाएवढी लालसर चंद्रकोर होती. त्यांनी नाक जवळ नेलं आणि शिंकांची माळ लागली. हे सगळं आत्याने मला अंगणातल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बाहेर हसू फुटलं. माझा चेहरा मिरचीपेक्षा लाल झाला असणार, पण मी भिंतीकडे बघत होते.

आत्या त्या दिवशी रिकाम्या हाताने आली होती. आणि मी तेव्हा एका दोन भागांच्या कादंबरीत अडकले होते. घर सोडून गेलेला नवरा बऱ्याच वर्षांनी परत येतो, अशी काहीतरी गोष्ट. बायको आत एकटी, बाहेर अंधार, दाराची कडी हळूच हलते, आणि तिथे पहिला भाग संपतो. दुसरा भाग वाचनालयात.

"मंग?" मी आत्याला विचारलं. "दुसरं कधी देतस?"

"आते नियम व्हयना. सभासदले सोता येनं पडस. आनि चालत."

"चालत?"

"चालत. गाडीवर नही, कोनी उचलीसन नही. तसा नियम शे."

मी दोनचार दिवस रुसून पाहिलं. पहिला भाग पुन्हा वाचला. पंचांग वाचलं. बोट खाजायला लागलं, आणि आता त्याला कडीचीही साथ मिळाली. दुपारी डोळा लागला की कडी हलायची. न राहवून मी ती सगळी गोष्ट आत्याला सांगितली, म्हटलं, दया येऊन ती जाईल तरी. तिने देठ खुडत नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "नियम शे ना माय." माझे मालक मोटारसायकल काढायला तयार होते. आत्याने त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि ते शेतात निघून गेले.

शेवटी मी पाय मागितला. आत्याने तो कोठीमागून आणला, सुपावर उलटा केला, आणि त्यातून भसाभस मिरचीचं बी बाहेर पडलं. पुढच्या हंगामासाठी ठेवलेलं.

"पोकळ शे," ती म्हणाली. "त्याम्हा उंदीर जात नही."

मग मी आधी खोलीत, मग ओसरीत, मग अंगणात बायकांच्या मधून चालायला शिकले. आधी पडले. खुडलेल्या मिरचीच्या ढिगात पडले, त्यामुळे लागलं नाही, पण शिंका बराच वेळ चालल्या. ज्या बायकांच्या नजरेला घाबरून मी एवढे दिवस आत पडून होते, त्यांचं लक्ष बघाल तर सगळं आपल्या टोपल्याकडे. एकीने फक्त एवढं म्हटलं, "जराशी बाजूले पड व माय, ऊन अडी ऱ्हायनं."

ज्या दिवशी खरोखर निघाले त्या दिवशी नवी साडी नेसले, गोरं पाऊल झाकेल अशी. फाटकाशी तीच उन्हाची तक्रार करणारी म्हणाली, "कोठे चालनी?"

"पुस्तक लेवाले."

"मंग वाचीबी दाखाड. आम्हले बी कान शेतस."

अर्ध्या वाटेत आग सुरू झाली. कितीही झटकलं तरी मिरचीचं एखादं बी पायाच्या तळाशी राहतंच, आणि ते घामाने जागं होतं. मागे फिरावं तर घर तेवढंच लांब. मी कडी आठवत चालत राहिले. वाचनालयाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुस्तक अजून हातात नाही आणि रडू आधीच?"

"नियमाप्रमाणे आले आहे," मी ताठ होऊन म्हटलं. "चालत."

"कसला नियम?"

"सभासदाने स्वतः चालत यायचं, तो."

त्यांनी मागे वळून भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. शांतता राखा. पानं दुमडू नका. पाटीवर चालण्याचं काही नव्हतं. "मी काकूंना इतकंच म्हणालो होतो की हात धुऊन वाचायला सांगा," ते म्हणाले. "तुमचा दुसरा भाग त्या दिवसापासून काढून ठेवलाय." आणि टेबलाखालून त्यांनी तो काढला.

चालत येण्याची अट घालणारं वाचनालय कुठे असतं का, हा प्रश्न त्या बाईला इतके दिवस पडला नव्हता. इतके खून वाचले, प्रत्येक खुनात सर्वांत साध्या माणसावर संशय घ्यायचा हे शिकली, आणि घरातल्या घरात फसली.

मी हात धुतले. ग्रंथपाल समोर उभे राहून बघत होते म्हणून दोनदा धुतले. मग पाय सोडवून, बी झटकून, बाकावर बसले आणि पहिलं पान उघडलं. कडी मांजरीने हलवली होती. नवरा तर आणखी शंभर पानं येणारच नव्हता.

परत येताना आग कमी होती. घरी आत्या अंगणात देठ खुडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"नियम कोनी सांगा तुमले, आत्या?"

"मी आडानी बाई. माले नियम काय समजस?" तिने एक मिरची उचलली, देठ काढला, टोपल्यात टाकली. मग जरा वेळाने हळूच विचारलं, "दारवर कोन व्हतं?"

"मांजर."

तिने हातातली मिरची देठासकटच टोपल्यात टाकली. तिलाही नवराच हवा होता, असं दिसलं.

"मंग बठ आठे," ती म्हणाली आणि पाटावरची मिरची बाजूला सारून मला जागा केली. "वाच. आनि देठले हात लावू नको."