आठ सुतांचा इंच

आमच्या शेजारचे सुतारकाका दाराची चौकट आधी नुसत्या नजरेने जोखत आणि मग पट्टी लावून स्वतःचीच खात्री करून घेत. त्यांचे माप इंच आणि सूत यांतच चाले: "सव्वीस इंच, तीन सूत." कागदावर अपूर्णांक दिसला, की मात्र चष्मा नेमका घरी राहिलेला असे. पुढे ते कामाला होते त्या कारखान्यात लाकूड कापण्याचे नवे यंत्र आले. त्याला माप अपूर्णांकांतच द्यावे लागे, त्यामुळे ती सबब संपली. साठीला टेकलेले काका एका निवृत्त शिक्षिकेच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसू लागले.

एके दिवशी बाईंनी फळ्यावर एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश यांची बेरीज मांडली. काका खाली मान घालून बसले.

"काका, एका इंचात सूत किती?"

"आठ."

"मग पाव इंच म्हणजे?"

"दोन सूत. हे काय विचारणं झालं, बाई?"

"त्यात आणखी एक सूत घातलं तर?"

"तीन."

"झाली की बेरीज, तीन अष्टमांश. खालचा आठ म्हणजे इंचातली सुतं, वरचा तीन म्हणजे तुम्ही घेतलेली."

"काका, आता बाईंना तुम्हीच शिकवा," मागून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. काकांना हसू आले नाही.

शाळेत असताना त्यांची लेक हेच गणित घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली होती. तिला घरांचे नकाशे काढायचे होते. स्वतःचे अज्ञान झाकायला काकांनी रंधा न थांबवता म्हटले होते, "आपल्या घराण्यात गणित नाही. उगाच डोकं फोडू नकोस." तिने ते खरे मानले आणि पुढे गणिताचा नादच सोडला. आता ती कापडाच्या दुकानात घड्या घालते.

सुट्टीच्या दिवशी काका तिच्या घरी गेले. ती इस्त्री करत होती. पट्टी उलगडून त्यांनी तिला सगळे समजावले. तिला ते चटकन उमगले, आणि तेच काकांना सोसवेना.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत, बाबा?"

"हातांना येत होतं गं, मला ठाऊक नव्हतं." त्यांनी पट्टी मिटली. "पण 'मला कळत नाही' एवढं जरी म्हणालो असतो, तरी तू दुसऱ्या कुणाला विचारलं असतंस."

सदऱ्याची बाही सरळ करत ती म्हणाली, "हो. विचारलं असतं."